सातव्या सिलिंडरची गळती: डर्ट लेट मॉडेलसाठी इंजिन निवडताना

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातली एक घरगुती टीम: वडील, मुलगा आणि मदतीला दोन मित्र. गाडी शेडमध्ये उभी आहे. चासी चार हंगाम जुनी पण सरळ, मागे क्विक-चेंज डिफरन्शियल, मधे ब्रिन कंपनीचा गिअरबॉक्स. इंजिनाची जागा मात्र रिकामी. हंगामात २८ रात्री शर्यतीला उतरायचंय. इंजिन विकत घेण्यापासून ते हंगामभर राखण्यापर्यंत सगळ्याला मिळून १८,००० डॉलर बाजूला काढलेत. (टीम कल्पित आहे, तिचे भाव, मोजमापं आणि ट्रॅक उदाहरणासाठी घेतलेत. इंजिनांचे मूळ आकडे कारखान्याचे आहेत.)

डर्ट लेट मॉडेल म्हणजे नळ्यांच्या चौकटीवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवलेली, फक्त डावीकडे वळण्यासाठी बांधलेली गाडी. ड्रायव्हरसकट किमान वजन बहुतेक ठिकाणी २३०० पौंड, म्हणजे जेमतेम १०४३ किलो. ट्रॅक चिकणमातीचा. शर्यतीआधी पाणी मारून, उकरून, रोलर फिरवून तो कुस्तीच्या आखाड्यासारखा राखावा लागतो. सूर्य मावळताना पकड अशी की गाडीचं पुढचं डावं चाक हवेत उचललं जातं. रात्री दहाला वरचा ओलावा उडालेला असतो आणि तोच ट्रॅक फरशीसारखा गुळगुळीत झालेला असतो. मुख्य शर्यत नेमकी त्या वेळी असते. इंजिन निवडताना डोळ्यांपुढे ठेवायची ती ही वेळ.

या टीमचा घरचा ट्रॅक ३/८ मैलाचा. जॉर्जियात ही लांबी नेहमीची; डिक्सी स्पीडवे आणि सेनोया रेसवे हे दोन्ही तेवढेच.

टेबलावरचे पर्याय

पहिला पर्याय जुन्या ओपन मोटरचा. ओपन म्हणजे जवळजवळ बंधनमुक्त: अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, ४०० घन इंचांच्या वर, कंप्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १५:१ च्या आसपास, ड्राय संप (तेल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत), ताकद ८०० हॉर्सपॉवरच्या पुढे. वर्ल्ड ऑफ आउटलॉज किंवा लुकास ऑइल मालिकेतल्या सुपर लेट मॉडेलमध्ये हीच इंजिनं असतात. ओहायोतल्या एल्डोरा स्पीडवेच्या अर्ध्या मैलाच्या, उंच बँकिंगच्या ट्रॅकवर १९७१ पासून होणारी वर्ल्ड १०० शर्यत यांचीच. नवं घ्यायला ४०-५० हजार डॉलर सहज लागतात. इथे एक जण जुनं १६,००० ला द्यायला तयार आहे.

दुसरा, नवं जीएम (जनरल मोटर्स) ६०४ क्रेट इंजिन. क्रेट म्हणजे कारखान्यातून खोक्यात बंद आलेलं, सील मारलेलं. टीमला मिळालेला भाव ९,५००.

तिसरा, जुनं ६०४. मालक म्हणतो, "३५ रात्री चाललंय, अजून एकदाही खोललेलं नाही." मागतोय ५,५००.

चौथा, जीएमचं सीटी५२५. जीएमच्याच एलएस३ इंजिनावर आधारलेलं, ३७६ घन इंच, ५२५ हॉर्सपॉवर. इंजिन चांगलं आहे, पण या ट्रॅकच्या क्रेट वर्गात चालत नाही. तिथेच विषय मिटला. जीएमचं ३५० हॉर्सपॉवरचं क्रेट, ६०२, सुद्धा बाजूला: ६०४ च्या रांगेत ६०२ घेऊन उभं राहायचं म्हणजे ५० घोडे घरी ठेवून यायचं.

आधी नियमपुस्तक, मग डायनो

नवख्या टीमा डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद घेऊन बसतात. सुरुवात नियमपुस्तकाने करायची, आणि तेही आपण वर्षभरात ज्या तीन-चार ठिकाणी जाणार त्या सगळ्यांच्या. या टीमच्या घरच्या ट्रॅकवर दर शनिवारी क्रेट लेट मॉडेलचा वर्ग असतो, सुपर लेट मॉडेलच्या मात्र हंगामात फक्त सहा रात्री. म्हणजे ओपन मोटर घेतलं तर २८ पैकी २२ रात्री गाडी ट्रेलरवर चढवून तीन-चार तास लांब जायचं. इथेच निम्मा निकाल लागला.

पुस्तकात चार गोष्टी शोधायच्या. कोणतं इंजिन, कोणत्या पार्ट नंबरचं? ६०४ चा जुना नंबर ८८९५८६०४, नंतरचा १९३१८६०४. दोन्ही मान्य आहेत का ते पाहा. ते इंजिन लावलेल्या गाडीचं किमान वजन किती? इग्निशन बॉक्समध्ये किती आरपीएमची चिप (इंजिनाचे फेरे त्यापुढे जाऊ न देणारी)? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सील कोणाचं? कारखाना हेड, इनटेक मॅनिफोल्ड, पुढचं कव्हर आणि ऑइल पॅन इथे डोकं तुटणारे खास बोल्ट बसवतो. पुढे इंजिन दुरुस्त झालं की शर्यती भरवणाऱ्या त्या त्या संघटनेचा मान्यताप्राप्त इंजिन बिल्डर स्वतःचं नंबर असलेलं सील लावतो. एका संघटनेचं सील दुसरीकडे चालेलच असं नाही. स्वस्तात मिळालेलं ६०४ पहिल्याच रात्री तपासणीच्या रांगेतून परत पाठवलं जातं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. व्यवहाराआधी चारही जागांच्या सीलचे नंबर वहीत उतरवून घ्या, फोटो काढा, आणि संघटनेच्या तांत्रिक अधिकाऱ्याला फोन करून ते त्यांच्या नोंदीत आहेत का ते विचारा. पाच मिनिटांचं काम.

हिशेब

ओपन मोटर १६,००० ला घेतलं. दर १२ रात्रींनी खोलून व्हॉल्व्ह स्प्रिंगा, रोलर टॅपेट, रिंगा, बेअरिंग बदलायचे, एका वेळचा खर्च ७,००० धरला. २८ रात्रींत दोनदा खोलणं आलं: १४,०००. एकूण ३०,०००. वर महाग रेस फ्युएल, कारण १५:१ कंप्रेशनला पंपावरचं पेट्रोल चालत नाही.

नवं ६०४: ९,५०० अधिक मध्यावर स्प्रिंगांचा एक संच. कंप्रेशन ९.६:१ असल्याने ९२ ऑक्टेनवर भागतं. एकूण १०,००० च्या आसपास.

जुनं ६०४ ५,५०० ला दिसतंय, पण तो भाव खरा किती ते इंजिन तपासल्याशिवाय कळणार नाही. या प्रकरणाचं मर्म त्या तपासणीत आहे.

४१८ घोड्यांचा कागद

जुन्या ६०४ बरोबर मालकाने डायनोचा कागद दिला: ४१८ हॉर्सपॉवर. कारखान्याचा आकडा ५५०० आरपीएमला ४००, टॉर्क ४५०० ला ४०० पौंड-फूट, म्हणजे साधारण ५४० न्यूटन-मीटर. मग हे १८ जास्तीचे घोडे आले कुठून?

कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "एसटीडी" लिहिलेलं होतं. डायनोवर त्या दिवशीची हवा, तापमान आणि दमटपणा धरून आकडा दुरुस्त करतात. एसटीडी पद्धत ६० अंश फॅरनहाइट आणि कोरडी, जड हवा गृहीत धरते. एसएई पद्धत ७७ अंश आणि हलकी हवा. एकाच इंजिनाचा आकडा एसटीडीत सुमारे ४ टक्के फुगतो. ४१८ ला १.०४ ने भागा: ४०२. म्हणजे अगदी साधं, कारखान्यासारखं ६०४. यात लबाडी नाही, पण जास्तीची ताकदही नाही. दोन कागदांची तुलना करताना दुरुस्तीची पद्धत, एअर क्लीनर लावलेला होता की नाही, आणि हेडर (एग्झॉस्टच्या नळ्यांचा जुडगा) कोणता होता, या तीन गोष्टी जुळल्या नाहीत तर कागद घडी करून खिशात ठेवावा. शिखराच्या आकड्यापेक्षा ४२०० ते ६००० मधली रेघ किती भरलेली आहे ते बघा. ३/८ मैलावर गाडीचं सगळं आयुष्य त्या पट्ट्यात जातं.

शेडमध्ये, इंजिनाजवळ

तपासणीला लागणारी हत्यारं: लीकडाउन गेज, कंप्रेसर, व्हॉल्व्हची उचल मोजायला डायल इंडिकेटर, हेडवरच स्प्रिंगचा दाब मोजणारं गेज, बोअरस्कोप (प्लगच्या भोकातून आत बघायचा बारीक कॅमेरा), ऑइल फिल्टर कापायचा कटर. व्हॉल्व्ह कव्हरला सहसा सील नसतं, त्यामुळे सील न तोडता बरंच काही बघता येतं.

पहिली नजर कार्बोरेटरच्या तोंडात. एअर क्लीनर काढून आतल्या भिंतीवर बोट फिरवायचं. बोटाला लाल पीठ लागलं तर फिल्टर कुठून तरी हवा चोरतोय, आणि ती माती रिंगांना कानशीसारखी घासतेय. मातीच्या ट्रॅकवर इंजिनं मरतात ती जास्त करून याने. इथे बोट स्वच्छ निघालं. मग हेडवरची उष्णतेची चकती: बिल्डर हेडला छोटी चकती चिकटवतो, तिचं मधलं ठिपकं ठराविक तापमानाला वितळतं. ती शाबूत होती. चकती उपटलेली दिसली असती तर मुकाट्याने घरी यावं. तापलेलं अ‍ॅल्युमिनियम हेड वाकतं आणि गॅस्केट पुन्हा पुन्हा जातं.

आता लीकडाउन. प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये १०० पीएसआय हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. इंजिन गरम असताना. एक ते आठ असे आकडे आले:

४, ५, ४, ६, ५, ४, १९, ५.

सात सिलिंडर उत्तम, सातवा १९. धडधाकट ६०४ मध्ये ८ च्या आत आकडा हवा, १० ला लक्ष ठेवायचं, १५ च्या वर काम निघालंच. पण निव्वळ आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. हवा कुठून बाहेर पडतेय ते कान लावून ऐकायचं. ऑइल फिलरमधून फुसफुस आली तर रिंगा. कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इथे हेडरच्या नळीतून बारीक शिट्टी येत होती: एग्झॉस्ट व्हॉल्व्ह.

सातवाच का? जीएमच्या छोट्या ब्लॉकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ असे सिलिंडर असतात. फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. म्हणजे ५ पेटतो आणि लगेच पाठोपाठ त्याच्या शेजारचा ७ पेटतो. दोन शेजारी एकामागून एक तापतात, आणि तेही इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात. ही जागा जात्याच गरम. काही शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये ४ आणि ७ ची अदलाबदल करून क्रम बदलतात तो याचसाठी. सीलबंद ६०४ मध्ये ती मुभा नाही.

स्प्रिंगा मोजल्या. सोळापैकी तेरा नव्या स्प्रिंगच्या आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत. ३ ची एग्झॉस्ट स्प्रिंग ८ टक्के उतरलेली, ५ ची ११, ७ ची १४. साखळी जुळली: उष्णतेने स्प्रिंग मऊ पडली, मऊ स्प्रिंगमुळे जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह सीटवर बसताना उसळू लागला, उसळून उसळून सीट ठेचली गेली, आणि ठेचलेल्या सीटमधून हवा गळायला लागली. आमच्या हिशेबात १० टक्के उतरलेली स्प्रिंग म्हणजे संपलेली स्प्रिंग. मागच्या मालकाने ३५ रात्रींत एकदाही स्प्रिंगा बदलल्या नव्हत्या. "एकदाही खोललेलं नाही" हे त्याने कौतुकाने सांगितलं होतं. इथे ते दुर्लक्षाचं दुसरं नाव निघालं.

मग व्हॉल्व्हची उचल, हे इंजिन नियमात आहे का ते बघायला. १.५ च्या रॉकरवर (कॅमची उचल दीडपट करून व्हॉल्व्हला देणारी तरफ) ६०४ ची कारखान्याची उचल इनटेकला ०.४७४ इंच, एग्झॉस्टला ०.५१० इंच. कोणी गुपचूप १.६ चे रॉकर बसवले तर ती ०.५०६ आणि ०.५४४ होते. हायड्रॉलिक टॅपेट थोडा दबतो, त्यामुळे डायलवर आकडा जरा कमी येतो. जास्त आला तर दाल में काला. इथे ०.४६८ आणि ०.५०३. स्वच्छ.

ट्रॅकवर अधिकारी आणखी दोन गोष्टी करू शकतात: स्पार्क प्लगच्या भोकातून पी अँड जी गेज लावून घनफळ मोजतात, आणि व्हिसलर नावाच्या यंत्राने हेड न काढता कंप्रेशनचं प्रमाण काढतात. बोअर ४.००० इंच, स्ट्रोक ३.४८० इंच; त्यातून ३५० घन इंच निघायलाच हवेत.

बोअरस्कोपने पिस्टनचे माथे बघितले. सगळीकडे एकसारखा तपकिरी थर, कुठे खड्डे नाहीत. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चकचकीत किंवा काळे ठिपके नाहीत, म्हणजे डेटोनेशनचा (इंधन अवेळी, स्फोटासारखं पेटण्याचा) मार बसलेला नाही. हे महत्त्वाचं, कारण ६०४ चे पिस्टन जास्त सिलिकॉनच्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात: झिजायला चिवट, पण ठोका बसला की रिंगांमधली कड कपची उडाल्यासारखी तुटते. शेवटी ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. तांबूस चमक म्हणजे बेअरिंग, राखाडी अ‍ॅल्युमिनियम म्हणजे पिस्टन, लोहचुंबकाला चिकटणारं म्हणजे कॅम किंवा टॅपेट. चिमूटभर काळपट कण, बाकी काही नाही.

निदान: खालचं इंजिन चांगलं, वरचं थकलेलं.

सौदा

टीमने मालकापुढे लीकडाउनचा कागद ठेवला आणि ४,००० म्हटलं. ४,३०० ला तुटलं. मान्यताप्राप्त बिल्डरकडे व्हॉल्व्ह जॉब, आठही एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, सोळा स्प्रिंगा, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आणि नवं सील मिळून ३,२००. एकूण ७,५००, म्हणजे नव्यापेक्षा २,००० ने कमी.

पण आमच्या मते मोठा फायदा पैशांचा नाही. खोक्यातून आलेली दोन नवी ६०४ सुद्धा तंतोतंत सारखी नसतात. कारखाना आपल्या सहनमर्यादेत कुठेही बसतो. चांगला बिल्डर त्याच मर्यादेत राहून आठही सिलिंडर एका पातळीवर आणतो, सीट नीट कापतो, रिंगांची फट एकसारखी ठेवतो. असं इंजिन नियमात राहूनही नव्यापेक्षा थोडं सरस असतं. अट एकच: वेळ. वसंतात सगळ्यांनाच इंजिन हवं असतं आणि बिल्डरकडे आठवड्यांची रांग लागते. या टीमने व्यवहार नोव्हेंबरात केला.

नव्याकडेच जावं लागलं असतं असाही एक प्रसंग येऊ शकला असता. सातव्याची हवा ऑइल फिलरमधून आली असती, किंवा फिल्टरमध्ये तांबूस चमक दिसली असती, तर खालचं कामही निघालं असतं, ४,३०० चे ९,००० झाले असते, आणि हाती जुनाच ब्लॉक राहिला असता.

वाचलेल्या पैशांतून चार शॉक नव्याने बांधून घेतले, टायरांचा एक संच जास्तीचा आला, आणि ३,००० अडीअडचणीला ठेवले. रात्री दहाच्या फरशीवर २० जास्तीच्या घोड्यांपेक्षा मागच्या उजव्या चाकाचा शॉक जास्त जागा पुढे नेतो. ४०० घोडे मातीवर उतरवायचे असतात. ते उतरवतं चाक.

बसवताना

कार्बोरेटर होली कंपनीचा, ६५० सीएफएमचा (मिनिटाला ६५० घनफूट हवा), गॅसोलिनचा. इंधनाचा दाब ६ ते ७ पीएसआय, गेज कार्बोरेटरच्या अगदी जवळ. हेडरच्या नळ्या १ ५/८ इंचाच्या, पुढे १ ३/४ ला रुंदावणाऱ्या. ६०४ ला याहून जाड नळ्या दिल्या तर खालचा टॉर्क पातळ होतो. ओपन मोटरवरून उतरवलेला हेडर फुकट मिळतोय म्हणून लावणारे बरेच असतात. वळणातून निघताना गाडी उचलत नाही, आणि मग बिचारा कार्बोरेटर बदलला जातो.

टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती अंश आधी पडते ते, एकूण ३२ अंश. ३६ ला नेऊन बघायचा मोह होतो. ६०४ च्या फास्ट बर्न हेडमध्ये ज्वाला लवकर पसरते, जास्त टायमिंगने ताकद वाढत नाही, डेटोनेशन मात्र जवळ येतं.

टॅपेटचं सेटिंग झिरो लॅशनंतर (रॉकरमधली फट शून्य झाल्यावर) पाव ते अर्धा आटा. जास्त घट्ट केलं तर ६००० च्या पुढे टॅपेट तेलाने फुगून व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही. त्याच कारणाने तेलाचा दाब उगाच चढवू नये. वेट संप पॅनची क्षमता ८ क्वार्ट, तेल १५डब्ल्यू-५०. डाव्या वळणात तेल उजवीकडे चढतं, म्हणून पातळी रेषेवर हवी. अर्धा क्वार्ट कमी भरला तर वळणाच्या शेवटी दाबाची सुई थरथरते. ती थरथर ज्या टीमला दिसत नाही, तिला पुढे बेअरिंग दिसतात.

रेडिएटरपुढे चिखल अडवायची जाळी, आणि दर फेरीनंतर ती धुवायची. सराव फेऱ्यांत ट्रॅक ओला असतो. जाळी भरली की चार लॅपमध्ये पाणी २४० अंश फॅरनहाइट. टीमने १८० ते २०० ची मर्यादा ठरवली आणि २२० ला गाडी आत आणायची असं मुलाला बजावलं.

गिअर

गिअरबॉक्सचा वरचा गिअर थेट १:१, म्हणून सगळा खेळ मागच्या क्विक-चेंजचा. मागचं कव्हर खोलून दोन दातेरी चाकांची जोडी बदलली की दहा मिनिटांत प्रमाण बदलतं.

मागच्या उजव्या टायरचा घेर ९२ इंच. प्रमाण ६.३० ठेवलं तर ६२०० आरपीएमला चाक मिनिटाला ९८४ फेरे घेतं. ९८४ गुणिले ९२ म्हणजे ९०,५०० इंच, ताशी साधारण ८६ मैल. मातीवर चाक घसरतंच. १० टक्के घसरण धरली तर गाडीचा खरा वेग ७७. सरळ रेषेच्या टोकाला इंजिन ६२०० ला पोचतं आणि वळणात ४३०० ला उतरतं, म्हणजे टॉर्कच्या शिखराच्या जरा खाली. ६०४ ला हेच आवडतं. पहिल्या रात्री टीमने मागच्या मालकाचा ५.९० चा गिअर तसाच ठेवला होता: टोकाला ५८००, वळणात ४०००, आणि निघताना गाडी जड. "इंजिन मेलंय" असं मुलगा म्हणाला. इंजिन ठीक होतं. प्रमाणात ०.१२ चा फरक म्हणजे त्याच वेगाला साधारण १२० आरपीएम. तीन पायऱ्या चढून ६.२६ ला आल्यावर वेळ अर्ध्या सेकंदाने उतरली.

ओल्या ट्रॅकवर चाक घसरत नाही, वेग जास्त मिळतो. तिथे उतरता गिअर, म्हणजे कमी आकड्याचं प्रमाण. वर चिपचा विचार: इंजिन चिपला धडकत असेल तर सरळ रेषेचा शेवटचा तुकडा वाया जातो. तसंही ६०४ चे पावडर मेटलचे कनेक्टिंग रॉड उगाच ६५०० च्या पुढे नेण्यासाठी बनवलेले नाहीत.

चौथ्या रात्रीचं मिसिंग

सरळ रेषेच्या शेवटी इंजिन अडखळू लागलं. शेडमधला पहिला संशय नव्या स्प्रिंगांवर. पण अडखळण्याची तऱ्हा बघायला हवी. प्रत्येक वेळी ठराविक आरपीएमला अडखळलं, मग तो कोणत्याही लॅपला असो, तर स्प्रिंग, फुगलेला टॅपेट किंवा चिप. केव्हाही, कुठेही अडखळलं तर इग्निशन: वायर, कॉइल, सैल अर्थिंग. आणि थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर दोन सेकंदांनीच, सरळ रेषेच्या दुसऱ्या अर्ध्यात अडखळलं तर इंधन.

इथे तिसरा प्रकार होता. इंधनाचं गेज उभं असताना ७ दाखवायचं, लॅपच्या शेवटी ३ वर यायचं. टाकीजवळचा फिल्टर कापला: आत लाल गाळ. इंधन भरताना फनेल मातीत ठेवली होती. फिल्टर बदलला, फनेलला झाकणाचा डबा केला, मिसिंग गेलं. स्प्रिंगा काढायला बसले असते तर एक संध्याकाळ आणि झिरो लॅशचं सगळं सेटिंग गेलं असतं.

बाराव्या रात्रीनंतर पुन्हा लीकडाउन घेतलं. आठही सिलिंडर ४ ते ६ च्या मधे, सातवा ६. एग्झॉस्ट स्प्रिंगांत ५ आणि ७ या दोन ४ टक्के उतरलेल्या, बाकी सगळ्या २ च्या आत. वहीत पुढची ओळ आधीच लिहून ठेवली: १८व्या रात्रीनंतर ५ आणि ७ च्या एग्झॉस्ट स्प्रिंगा बदलणे, उरलेल्या मोजून ठरवणे.